मामाची पाटी

“आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसला तर ही मिशी उतरवून या बाकावर ठेवीन,” मामा म्हणाला, आणि फडक्याला हात पुसत स्टुलावर बसला. फडकं हातांपेक्षा काळं होतं, त्यामुळे कोण कोणाला पुसतंय ते नेमकं कळत नव्हतं.

मिशीची पैज जुनी. आजवर ती दोनदाच उतरली होती. एकदा मामा चुकून खरं बोलून गेला तेव्हा, आणि एकदा ऐकणारा पाहुणा फारच भला निघाला तेव्हा. एरवी चाळीस वर्षं ती ओठावर सुखाने नांदत होती, कारण मामाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची चूक त्या गल्लीत कोणी करत नसे. लोक त्याच्याकडे गाडी दुरुस्तीला आणत आणि थापा ऐकायला थांबत. गाडी मात्र तो अशी करून देई की तिने पुन्हा कुरकुर म्हणून करू नये. खोटं सगळं तोंडाकडे आणि खरं सगळं हातांकडे, अशी त्याने वाटणीच करून टाकली होती.

आजची बैठक मात्र नेहमीची नव्हती. लाकडी बाकावर एक पाहुण्या बाई बसल्या होत्या. मोटोक्रॉस शिकवणारी नवी शाळा निघाली होती, तिच्या त्या प्रमुख. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या, खड्ड्यांच्या, उंचवट्यांच्या वाटेवरून मोटारसायकली पळवायची शर्यत. “पळवायची कसली,” मामा म्हणे, “निम्मा वेळ तर गाडी हवेतच असते. टायर झिजण्याआधी जुने होतात.” यावर शेजारचा टायरवाला दुखावल्यासारखा चेहरा करी. तो आत्ताही दाराच्या चौकटीला खांदा लावून, चहाचा पेला हातात धरून उभा होता. दुकान उघडं टाकून आला होता, पण मामाने स्टूल ओढलं की तो दुकानात थांबला असं कधी झालं नव्हतं.

आतल्या बाजूला, स्टोव्हजवळच्या खुर्चीत मामाची थोरली बहीण बसली होती. तिला तो ताई म्हणे. आणि कामाच्या टेबलाशी, वाइसच्या पकडीत पुढच्या चाकाचा, धक्के झेलणारा शॉकअप आवळून त्यातलं जुनं ऑइल डब्यात निथळत ठेवणारी, ती ताईची मुलगी. घरात तिला चिमणी म्हणत. पाच वेळा देशाची विजेती झाली, अडतीस वर्षांची झाली, मनगटात दोन आणि खांद्यात एक स्क्रू बसला, तरी घरात ती चिमणीच.

बाई तिला न्यायला आल्या होत्या. शाळेची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणुकीचं पत्र त्यांनी आणलं होतं. ते बाकावर पडलं होतं, उडू नये म्हणून वर एक जुना स्पार्क प्लग ठेवलेला. तीनच्या गाडीने बाईंना परत जायचं होतं, आणि जाताना हो किंवा नाही घेऊन जायचं होतं. चिमणीने आल्या आल्याच नाही म्हणून टाकलं होतं.

“निदान कारण तरी सांगा,” बाई म्हणाल्या होत्या.

“मला पाटी वाचता येत नाही,” चिमणी म्हणाली.

बाई हसल्या, मग कोणीच हसत नाही हे पाहून थांबल्या.

“शाळेतली पाटी नव्हे हो बाई,” टायरवाला मदतीला आला. “मामाची पाटी. शर्यतीतली. हिची शेवटची शर्यत माहीत असेल ना तुम्हाला?”

“पेपरात आलं होतं तेवढं.”

“पेपरात आलं तेवढंच मलाही माहीत आहे,” चिमणी म्हणाली. “मला त्या दिवसातलं काही आठवत नाही. सकाळी बूट चढवले ते आठवतं, त्यानंतर एकदम दुसऱ्या दिवशीची सकाळ. मधलं सगळं मामाकडे आहे. आणि मामा ते दोन वाक्यांत सांगतो.” तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “पंक्चर काढल्याची गोष्ट सांगायला अर्धा तास घेतो हा माणूस. आणि माझी शेवटची शर्यत दोन वाक्यांत. आज सांग, मामा. पूर्ण. बाईंनाही कळू दे मी का येत नाही.”

म्हणून मामाने हात पुसले, मिशी पणाला लावली आणि स्टूल ओढलं.

आणि सुरुवात केली ती भलत्याच शर्यतीपासून.

“चिखलाची गोष्ट आधी सांगतो,” तो म्हणाला. “बाई, त्या वर्षी मैदानात चिखल असा, की सुटल्यावर पंधरा गाड्या गेल्या आणि एकाच रंगाच्या परत आल्या. गाडी कुठली, माणूस कोण, नंबर काय, काही दिसेना. शर्यत संपली. आता आमची कोणती? मी पाण्याची नळी घेतली आणि ओळीने धुवायला सुरुवात केली. पहिला धुतला, तो कोणी मिशीवाला निघाला. दुसरा धुतला, तो आमच्याच वर्गातला जुना मित्र. तिसरा धुतला तर शिट्टीवाला पंच, तो तर शर्यतीतच नव्हता, कडेला उभा राहूनच तसा झालेला. चौथी आमची चिमणी. तोवर ती थंडीने कुडकुडत ओरडत होती, मामा मी इकडे, मामा मी इकडे. पण चिखलात तोंड कुठे आहे ते कळल्याशिवाय आवाज कोणाचा ते कसं कळणार?”

“मागच्या वेळी पंच पाचवा होता,” टायरवाला म्हणाला.

“मागच्या वेळी चिखल जास्त होता.”

बाई हसल्या. ताईसुद्धा हसली, पण तिने चिमणीकडे पाहत हसू आवरलं. चिमणी हसली नाही. तिने वाइसची मूठ अर्धा फेरा फिरवली आणि शॉकअपमधली स्प्रिंग बाहेर ओढली.

“शेवटची, मामा.”

“येतोय ना तिकडेच. बाईंना पाटी म्हणजे काय ते तरी कळायला हवं.”

हे मात्र त्याला सांगावंच लागलं असतं. शर्यतीत रायडरला काही ऐकू येत नाही. इंजिनाचा आवाज, हेल्मेट, स्वतःचाच श्वास. मागे कोण आहे, किती जवळ आहे, फेऱ्या किती उरल्या, हे तिला कळायचा एकच मार्ग: तिचा मेकॅनिक वाटेच्या कडेला काळी पाटी धरून उभा असतो, आणि प्रत्येक फेरीत ती समोरून जाताना पापणी लवायच्या आत जेवढं वाचता येईल तेवढं त्यावर लिहितो. बाकीचे आकडे लिहीत. मामाचं म्हणणं, आकडा वाचला की हिशोब करावा लागतो, आणि हवेत असताना हिशोब करू नये. म्हणून त्याने शब्द ठरवले होते. शब्द सगळे ताईच्या स्वयंपाकघरातले. मागचा रायडर अगदी पाठीला लागला की पाटीवर ‘उतू’. दूध उतू चाललंय म्हटल्यावर घरात जसं धावतात तसं धावायचं. मागे बरंच अंतर असलं की ‘चहा’. एक घोट घेण्याइतका वेळ आहे, उगाच जीव काढू नकोस. आणि वळणात सीटवर नीट बसून मागच्या चाकावर भार टाकायचा असला की ‘टेक’. जरा टेक, असं आल्यागेल्याला म्हणतात, तसं.

“विरोधी लोकांनी दुर्बिणी लावल्या होत्या आमच्या पाटीवर,” मामा म्हणाला. “‘चहा’ वाचून एकाने आपल्या रायडरला थांबवून खरोखर चहा पाजला.”

“हे मात्र मी पाहिलंय,” टायरवाला बाईंना म्हणाला. “म्हणजे मामाने सांगितलेलं इतक्यांदा ऐकलंय, की पाहिल्यासारखंच आहे.”

“आणि माझा शब्द?” ताई म्हणाली.

मामाने डब्यात टपटपणाऱ्या ऑइलकडे नजर वळवली.

ताईचा शब्द वेगळा होता. चिमणी तेरा वर्षांची असताना पहिल्यांदा शर्यतीत उतरायचं म्हणाली, तेव्हा ताईने दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी भावाला आणि मुलीला समोर बसवून म्हणाली, पाटीवर एक शब्द माझा असेल. ‘बस’, म्हणजे पुरे. तो दिसला की गाडी बाजूला घ्यायची. का म्हणून विचारायचं नाही, पहिली असलीस तरी. मग भावाकडे वळून म्हणाली, आणि तो लिहायला तुझा हात अडणार असेल तर आत्ताच सांग. मामा म्हणाला होता, ताई, माझा हात कधी अडलाय का? त्यानंतर सोळा वर्षं आणि पाच अजिंक्यपदं तो शब्द लिहायची पाळी आली नाही. ताई कधी मैदानावर फिरकली नाही. शब्द पाठवला होता, तेवढं तिला पुरत होतं.

“तुझा शब्द होता ना,” मामा म्हणाला. “होताच की.” आणि त्याने फडकं उलटं करून पुन्हा हात पुसले.

खरी गोष्ट अशी, की तो शब्द एकदा लिहिला गेला होता, आणि हे जगात फक्त मामाला माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी सहावं अजिंक्यपद हातातोंडाशी आलं होतं. दिवसाच्या दोन शर्यती. दोन्ही मिळून गुण. पहिल्या शर्यतीत मोठ्या उडीवरून उतरताना चिमणी पडली. हेल्मेट जमिनीवर आपटल्याचा आवाज मामाला पाटीपर्यंत आला. ती उठली, गाडी उचलली, तिसरी आली. तंबूत येऊन तिने हातमोजे काढले, पाणी प्याली आणि म्हणाली, “मामा, पहिली शर्यत किती वाजता आहे?” मामा हसला. त्याला वाटलं, भाची आपल्यावर गेली. मग तिने हातमोजे घातले, काढले, पाणी प्याली आणि त्याच सुरात, तोच शब्द न शब्द, पुन्हा विचारलं, “मामा, पहिली शर्यत किती वाजता आहे?”

डॉक्टरांचा तंबू वीस पावलांवर होता. डोक्याला लागलं असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय दुसऱ्या शर्यतीला उभं राहता येत नाही, असा नियम होता. डॉक्टर स्वतःच चालत आले. “पडली होती ना ही? डोक्याला काही लागलं?”

“डोक्याला?” मामा म्हणाला. “तिथे लागण्यासारखं काही असतं तर ही या खेळात आली असती का, साहेब?”

डॉक्टर खो खो हसले, त्याच्या पाठीवर थाप मारून पुढच्या तंबूत गेले. मामाने आयुष्यात अनेक विनोद केले, पण इतका कामाला आलेला दुसरा नाही. पुढे तो विनोद आठवला की त्याला तोंडात ग्रीसची चव यायची.

दुसरी शर्यत सुटली. चिमणी पहिल्या फेरीपासून पुढे होती. अकरा सेकंदांनी पुढे. पण नवव्या फेरीपासून मामा घड्याळ सोडून तिच्याकडेच बघायला लागला. ती उडी भलत्याच बाजूने घेत होती. पाटीकडे बघत नव्हती. दोन फेऱ्या त्याने ‘चहा’ दाखवला, तिने मान वळवली नाही. मग त्याने पाटी पुसली आणि ताईचा शब्द लिहिला. हात अडला नाही, एवढं तरी. तिने तोही पाहिला नाही. तेव्हा मामा वाटेच्या कडेला बांधलेला दोर ओलांडून, पंच ओरडत असताना, धावत पुढे गेला.

पुढे बत्तिशी होती. लागोपाठ चौदा उंचवटे, एकाला एक चिकटून, चाकाएवढ्या अंतरावर. रायडर लोकांनी ठेवलेलं नाव. त्यावरून बसून गेलं तर सगळे दात हातात येतात म्हणून. तिथे सगळे फूटरेस्टवर उभे राहतात, गुडघे मोकळे सोडतात आणि गाडीला खालच्या खाली नाचू देतात. सीटला अंग लागलं की मागचं चाक उसळतं आणि माणूस हँडलवरून पुढे. बत्तिशीच्या तोंडाशी मात्र प्रत्येक जण क्षणभर वेग कमी करून समोर बघतोच. मामा नेमका तिथे, वाटेच्या काठावर, पाटी छातीशी धरून उभा राहिला.

तिने पाहिलं. गाडी अगदी शहाण्यासारखी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, गाडी दोराच्या खांबाला टेकवून उभी केली आणि गवतावर बसली. दोन फेऱ्या उरल्या असताना, अकरा सेकंद पुढे असताना.

मग माणसं धावली. आयोजक, पंच, दोन पत्रकार. काय झालं, गाडी बंद पडली का, का थांबवलीत? मामाने पाटी मांडीवर पुसून टाकली होती. ‘बस’ लिहिलं म्हणावं, तर पुढचा प्रश्न का लिहिलं. त्याच्या पुढचा प्रश्न, मग तिला शर्यतीत सोडलंच कशाला. आणि मग डॉक्टर, आणि मग ताई. म्हणून तो म्हणाला, “मी ‘टेक’ लिहिलं. सीटवर टेक. तिने विश्रांती घे असं वाचलं.” उद्या सकाळपर्यंत पुरावी म्हणून मारलेली थाप होती ती, घाईत मारलेल्या टाक्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी उठली आणि तिने विचारलं, काय झालं मामा, आणि तोवर पेपर आला होता: ‘विजेतीला पाटी वाचता येईना’. तिने तो वाचला, हसली, घडी घालून ठेवला. त्यानंतर ती शर्यतीच्या दोराशी कधी उभी राहिली नाही. नऊ वर्षं इतरांचे शॉकअप भरत होती, आणि ते इतके सुरेख भरत होती की लांबलांबून लोक येत. ती सुखरूप आहे ना, असं मामा स्वतःला सांगत आला होता. हे बाकी खरं होतं, आणि म्हणूनच त्याने काही भागत नव्हतं.

“सोळा वर्षं ‘टेक’ म्हणजे सीटवर टेकायचं,” चिमणी आत्ता बाईंना सांगत होती, नव्या ऑइलची बाटली उजेडात धरून माप बघत. “मी झोपेतही वाचलं असतं. आणि त्या दिवशी, पुढे असताना, मी ते वाचून गाडी लावून गवतावर बसले. म्हणजे डोकं कधी दगा देईल ते माझं मलाच माहीत नाही. तुमच्याकडची मुलं माझ्या शब्दावर वीस फूट हवेत जाणार. मी म्हणेन जा, आणि ती जातील. मला माझ्याच डोक्याचा भरवसा नाही, तर त्यांना कशाला अडकवू?”

“एवढ्या एका चुकीवरून?” बाई म्हणाल्या.

“एकच पुरते त्यात.”

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. बाईंनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते.

मामाला वाटलं, एक वाक्य आहे. एकच. तोंड उघडायचं आणि सोडून द्यायचं. त्याने तोंड उघडलंही. पण चाळीस वर्षांची सवय अशी, की तोंड उघडलं आणि आतून खरं यायच्या आधी एक नवीच, झकास कल्पना बाहेर आली. दोष तिचाही नाही, आपलाही नाही. दोष चिखलाचा. जुनी थाप काढून तिथे तिच्याहून चांगली बसवायची. सुटा भाग बदलतात तसा. चिमणी शाळेत जाईल, ताईला काही कळणार नाही, बाईंची तीनची गाडी चुकणार नाही. इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

“हे बघ,” तो म्हणाला, आणि स्टूल पुढे ओढलं. “मी आजवर कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. चूक तुझी नव्हतीच.”

चिमणीने बाटली खाली ठेवली.

“त्या दिवशी माझ्या पाटीसमोर धूळ अशी उडत होती, की मला माझा हात दिसेना. दोन फेऱ्या तू पाटीकडे बघितलंच नाहीस. मला काय, घाम फुटला.”

“धूळ की चिखल?” टायरवाला म्हणाला. “मघाशी चिखल होता.”

“मघाची शर्यत वेगळी. आणि धूळही होती, पाण्याचा टँकर फिरला होता त्यामुळे मधे मधे चिखलही होता. ऐक तर. मी म्हटलं, पोरीला पाटी दिसत नाही, तर पाटीनेच पोरीकडे जायला हवं. दोर ओलांडला. पंच ओरडला, मागे फिरा. मी म्हटलं, तुम्ही फिरा. दुसरा पंच धरायला आला, त्याच्या बगलेखालून निघालो. तेव्हा मी पन्नाशीचा, पण पाय असे पळत होते की माझी सावली मागे राहून धापा टाकत होती.”

बाई हसू लागल्या. मामाला जोर चढला. गोष्ट लागली होती, मांडी ठोकून बसली होती, आता ती स्वतःच चालणार होती.

“धावत धावत थेट बत्तिशीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. वाटेच्या अगदी काठाला. हातात पाटी, पाटीवर हे एवढं मोठं ‘टेक’. लांबून तू येतेस. तुझी नजर पाटीवर येते. आणि नेमकं त्याच क्षणाला पुढून एक मागे पडलेली गाडी जाते, तिच्या मागच्या चाकातून चिखलाचा गोळा उडतो, हा असा, आणि पाटीवर फट्‌. ‘टेक’ गायब. नुसता चिखल. तू काय वाचणार? कोणीही थांबलं असतं. मी असतो तर मीही थांबलो असतो. चिखलाचा पाटीवरचा तो गोळा मी घरी आणणार होतो पुरावा म्हणून, वाटेत वाळून पडला.”

“वा,” टायरवाला म्हणाला, आणि पेला तोंडाला लावला. “हे मला आधी का नाही सांगितलंस? नऊ वर्षं मी फुकट गप्प बसलो.”

बाई चिमणीकडे वळल्या. “मग झालं तर. चिखलच होता. तुमच्या डोक्याचा काय संबंध?” त्यांनी पत्रावरचा स्पार्क प्लग उचलून बाजूला ठेवला.

चिमणी वाइसजवळून निघाली, दोन पावलं पुढे आली आणि भिंतीपाशी उभ्या केलेल्या गाडीच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली. मामाने तो चेहरा ओळखला. शर्यतीच्या सकाळी मैदानावरून पायी फिरताना, प्रत्येक उंचवट्यापाशी थांबून, इथून घेतलं तर काय आणि तिथून घेतलं तर काय असं बघताना तिचा असाच चेहरा असे. नऊ वर्षांत तो त्याला दिसला नव्हता. त्याला बरं वाटलं, आणि आपली गोष्ट आता तपासली जाणार हेही कळलं.

“कुठे उभा होतास?” तिने विचारलं.

“सांगितलं की. बत्तिशीपाशी.”

“आधी की नंतर?”

“आधी. तोंडाशी.”

“किती आधी?”

“असेन दहा पावलं. आता ते काय मोजायचं?” तो हसला. “तुला चहा करू का? ताई, चहा टाक ना.”

ताई उठली नाही. ती भावाकडे बघत होती, लहानपणी त्याच्या खिशात काय आहे ते न विचारता बघायची तशी.

“दहा पावलं,” चिमणी म्हणाली. “म्हणजे वाचलं की अर्ध्या सेकंदात पुढचं चाक पहिल्या उंचवट्यावर.” तिने नकळत गुडघे थोडे वाकवले, टाचा उचलल्या. “पाटीवर जे असेल ते तिथल्या तिथे करायचं, हे तूच शिकवलंस. वळणासाठीचा शब्द वळणाआधी. बत्तिशीनंतर डावीकडचं वळण आहे, त्याला चौदा उंचवटे अवकाश.”

“हो, पण माझं काय झालं, की धावताना…”

“आणि तू त्या पाटीवर ‘टेक’ लिहून माझ्यासमोर धरलंस. बत्तिशीच्या तोंडावर.”

टायरवाल्याने पेला खाली ठेवला. बाई एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही या खेळातलं कळत होतं, आणि त्यांचं हसू गेलं होतं.

मामाच्या तोंडात दोन-तीन उत्तरं एकदम आली. टँकर, ऊन, दुसऱ्या रायडरसाठी लिहिलं होतं. एकाहून एक सुरेख. त्याने फडकं शोधलं, ते त्याच्याच मांडीवर होतं.

“मी तिथे टेकले असते तर हँडलवरून जाऊन मानेवर पडले असते,” चिमणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. मैदान पायाखाली घालून आल्यावर सांगावं तसं ती सांगत होती. “हे तुला माहीत नाही? बत्तिशीत टेकू नये हे मला सांगणारा तूच. तू चिखलाचं खोटं बोलशील, पंचाचं बोलशील, पण पाटीवर माझ्यासाठी खोटं लिहिणार नाहीस. मामा, तू थापा मारतोयस. त्या पाटीवर ‘टेक’ नव्हतं. ‘बस’ होतं, आणि मी ते बरोबर वाचलं.”